घरच्या कुंडीत पॅन्सी आणि व्हायोलेट: पेरणीपासून बहर सरेपर्यंत

पॅन्सी हे थंडीचे रोप आहे हे बहुतेकांना ठाऊक असते, पण ही माहिती लागवडीच्या वेळी फक्त पेरणीचा महिना ठरवण्यापुरती वापरली जाते आणि नंतर विसरली जाते. वास्तविक बी रुजण्यापासून खताची निवड करण्यापर्यंत या रोपाचा जवळजवळ प्रत्येक टप्पा तापमानावर ठरतो. बी उगवले नाही, रोपे लांबुळकी होऊन लोळली, पाने पिवळी पडली किंवा फुले दिवसेंदिवस लहान होत गेली, अशा तक्रारींचा माग काढला तर बहुतेक वेळा अवेळी मिळालेली उष्णता किंवा थंड मातीत साचलेले पाणी यांपैकी एक कारण सापडते. म्हणून या लेखात महिन्यांची नावे न देता तापमानाचे अंश दिले आहेत. आपल्या भागातला थंडीचा काळ कोणता, हे ज्याचे त्याने त्यावरून ठरवावे.

आधी रोपाची ओळख

व्हायोला या प्रजातीत ५००हून अधिक जाती आहेत आणि पॅन्सी, बागेतली लहान फुलांची व्हायोला व सुगंधी व्हायोलेट ही तिन्ही रोपे याच प्रजातीतली आहेत. तरीही त्यांची निगा सारखी नसते. मोठ्या फुलांची पॅन्सी, म्हणजे व्हायोला विट्रोकियाना, ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या बागांत संकरातून तयार झाली. तिच्या पूर्वजांत कुरणांत आढळणारी व्हायोला ट्रायकलर आहे, तशीच डोंगरउतारांवरची व्हायोला लुटेआ आणि अल्ताई पर्वताच्या परिसरातली व्हायोला अल्ताइका यांचाही समावेश होतो. गार हवा, भरपूर ऊन आणि पाणी न साचणारी जमीन या तिच्या मागण्या या पूर्वजांकडून आलेल्या आहेत. तिचे फूल साधारण ५ ते ८ सेंटीमीटर रुंद असते आणि पुष्कळ वाणांत पाकळ्यांच्या मध्यभागी गडद डाग असल्यामुळे त्याला चेहऱ्यासारखे रूप येते.

ज्याला बाजारात नुसते व्हायोला म्हणतात ते रोप मुख्यतः व्हायोला कॉर्नुटापासून विकसित झालेले असते. त्याची फुले २ ते ४ सेंटीमीटरची असली तरी संख्येने बरीच जास्त येतात. दोन्हींतला फरक पाकळ्यांच्या मांडणीवरून ओळखण्याची एक सोपी खूण सांगितली जाते: पॅन्सीच्या चार पाकळ्या वरच्या बाजूस आणि एक खाली असते, तर व्हायोला व व्हायोलेट यांच्या दोन पाकळ्या वर आणि तीन खाली असतात. संकरित वाणांत ही खूण कधी कधी फसवी ठरते, पण बहुतेक वेळा ती पुरेशी असते. प्रथमच लागवड करणाऱ्याने माझ्या मते मोठ्या फुलांच्या मोहात न पडता लहान फुलांच्या व्हायोलापासून सुरुवात करावी. पावसाच्या सरीनंतर मोठ्या पाकळ्या चिंब होऊन लोंबतात आणि लहान फुले मात्र लवकर सावरतात. थोडीफार उष्णताही ती अधिक सोसतात.

सुगंधी व्हायोलेट, म्हणजे व्हायोला ओडोराटा, हे बहुवर्षायू रोप आहे आणि त्याचा विचार शेवटी स्वतंत्रपणे केला आहे. घरातल्या खिडकीत ठेवले जाणारे, लवदार पानांचे आफ्रिकन व्हायोलेट मात्र या कुळातलेच नाही. ते टांझानिया व केनिया भागातले, जेस्नेरिएसी कुळातले रोप असून त्याला उबदार खोली आणि थेट न पडणारा उजेड लागतो, त्यामुळे पुढची कोणतीही सूचना त्याला लावू नये.

पेरणीची वेळ उलटी मोजावी

पॅन्सीला बियाण्यापासून फुलावर यायला साधारण १२ ते १६ आठवडे लागतात. दिवसाचे तापमान १५ ते १८ अंश सेल्सिअस आणि रात्रीचे ५ ते १० अंश असेल तेव्हा रोप सर्वांत चांगले वाढते, असे धरून आपल्याकडे असे दिवस केव्हा येतात ते पाहावे आणि तेथून सुमारे तीन-साडेतीन महिने मागे जाऊन पेरणी करावी. अडचण अशी की हा हिशेब केल्यावर पेरणीची वेळ बहुधा उष्ण दिवसांत येते, आणि या बियांना तर रुजताना १८ ते २० अंश तापमान हवे असते. २५ अंशांच्या पुढे उगवण झपाट्याने कमी होते. म्हणून पेरणीचा ट्रे बाहेर उन्हात न ठेवता घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, जमिनीलगत ठेवावा. ज्यांच्याकडे अशी जागा नसेल त्यांनी पेरणी दोन-तीन आठवडे पुढे ढकलावी. उशिरा आलेला बहर परवडतो, कारण उष्णतेत पेरलेल्या बियांतली निम्मी वाया जातात आणि जी उगवतात तीही कमजोर राहतात. तयार रोपे आणणे हाही चांगला पर्याय आहे. ती आणताना फुलांनी लगडलेले रोप न निवडता बुटके, दाट पानांचे आणि कळ्यांवर असलेले रोप घ्यावे आणि शक्य असल्यास ते कुंडीतून अलगद काढून मुळे पांढरी आहेत याची खात्री करावी.

पेरणी

पॅन्सीच्या एका ग्रॅममध्ये साधारण ७०० बिया भरतात, यावरून त्या किती बारीक असतात याची कल्पना येईल. बी ताजे असावे, कारण त्याची उगवणशक्ती लवकर घटते. उरलेले बी हवाबंद बाटलीत घालून शीतकपाटात ठेवल्यास पुढच्या हंगामापर्यंत ते बऱ्यापैकी टिकते.

पेरणीसाठी बागेतली माती वापरू नये. धुऊन घेतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग आणि व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट (दोन्ही हलकी, फुलवलेली खनिजे) एक भाग असे हलके मिश्रण पुरेसे असते. या टप्प्यावर त्यात खत मिसळण्याची गरज नसते. मिश्रण ओलसर करून ट्रेमध्ये भरावे. मूठभर मिश्रण हातात दाबले असता बोटांतून पाणी गळता कामा नये, पण मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहावा, एवढी ओल योग्य समजावी. प्रत्येक खणात एक किंवा दोन बिया ठेवून त्यांवर सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा व्हर्मिक्युलाइटचा थर द्यावा आणि फवाऱ्याने हलके पाणी मारावे. झारीने पाणी घातल्यास बिया वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात.

या बिया अंधारात अधिक चांगल्या रुजतात, त्यामुळे ट्रेवर पुठ्ठा किंवा काळे प्लास्टिक झाकावे. योग्य तापमानात १० ते १४ दिवसांत अंकुर दिसू लागतात, पण झाकण पाचव्या दिवसापासून रोज सकाळी उघडून पाहावे. पहिले काही कोंब वर आले की बाकीच्यांची वाट न पाहता झाकण कायमचे काढून टाकावे आणि ट्रे लगेच भरपूर उजेडात आणावा. एक-दोन दिवसांची दिरंगाई झाली तरी कोंब धाग्यासारखे लांबतात आणि मग ती रोपे कधीही नीट बसत नाहीत. घरातल्या खिडकीचा उजेड बहुधा अपुरा पडतो. दिवा वापरायचा असल्यास एलईडीची पांढरी नळी रोपांपासून १५ ते २० सेंटीमीटर उंचीवर लावून ती दिवसाचे १४ तास चालू ठेवावी.

उगवणीनंतरचे दोन-तीन आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, कारण याच काळात मर रोगाने रोपे जमिनीलगत काळी पडून आडवी होतात. यावर औषधापेक्षा पाण्याची शिस्त अधिक उपयोगी ठरते. मिश्रणाचा वरचा थर फिकट दिसू लागला की मगच पाणी द्यावे, ते ट्रेच्या तळाकडून शोषू द्यावे, अर्ध्या तासाने उरलेले पाणी ओतून टाकावे आणि ट्रेभोवती हवा खेळती ठेवावी. एखाद्या खणात रोप आडवे झालेच तर तो खण मिश्रणासह काढून टाकावा.

पुनर्लागण आणि कुंडीची तयारी

बीजदलांनंतरची चार ते पाच खरी पाने आली की, म्हणजे पेरणीनंतर साधारण पाच-सहा आठवड्यांनी, रोपे कायमच्या कुंडीत हलवता येतात. त्याआधी आठवडाभर त्यांना बाहेरच्या हवेची सवय करावी. पहिल्या दिवशी सावलीत एक-दोन तास आणि पुढे रोज थोडा अधिक वेळ सकाळच्या उन्हात ठेवावे. रोप उचलताना देठाला न धरता पानाला धरावे, कारण पान तुटले तर नवे फुटते, देठ चिरडला तर रोप जाते. किंचित लांबलेले रोप बीजदलांच्या खालपर्यंत मातीत लावले तर चालते, पण जिथून नवी पाने फुटतात तो गाभा कधीही मातीखाली जाऊ देऊ नये.

एका रोपाला १५ सेंटीमीटर व्यासाची आणि तीन रोपांना २५ सेंटीमीटरची कुंडी पुरते. वाफ्यात लावताना दोन रोपांत १५ ते २० सेंटीमीटर अंतर ठेवावे. कुंडी मातीची असल्यास तिच्या सच्छिद्र भिंतींतून पाणी झिरपून उडत राहते आणि मुळे गार राहतात, मात्र पाणी थोडे अधिक वेळा द्यावे लागते. गडद रंगाची प्लास्टिकची कुंडी थेट उन्हात चांगलीच तापते, हे ध्यानात ठेवून ती दुसऱ्या कुंडीच्या आडोशाला ठेवावी.

मिश्रणात कोकोपीट दोन भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि भरड वाळू किंवा परलाइट एक भाग घ्यावा. या रोपाला किंचित आम्लधर्मी माध्यम आवडते. कुंडीतल्या मातीविरहित मिश्रणाचा सामू (पीएच) ५.४ ते ६ आणि वाफ्यातल्या मातीचा ६ ते ६.५च्या आसपास असावा. सामू याहून वर गेला की लोह आणि बोरॉन ही मूलद्रव्ये मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत, कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात आणि मुळे काळी करणाऱ्या कुजीलाही वाव मिळतो. त्यामुळे लाकडाची राख, चुना आणि अंड्याच्या टरफलांची पूड हे घरगुती बागकामातले आवडते पदार्थ पॅन्सीच्या कुंडीपासून दूर ठेवलेलेच बरे.

ऊन, पाणी आणि खत

थंडीच्या दिवसांत रोपांना किमान पाच-सहा तास थेट ऊन मिळाले पाहिजे. सावलीत पाने हिरवीगार राहतात पण कळ्या कमी धरतात. हवा तापू लागली की सकाळचे ऊन आणि दुपारनंतरची सावली असा बदल करावा.

पाण्याच्या बाबतीत ठरलेला दिवस पाळू नये. पाणी दिल्यानंतर कुंडी उचलून तिचे वजन हाताला जाणवू द्यावे आणि ती पुन्हा हलकी लागली की पाणी द्यावे; ही सवय एकदा लागली की बोट खुपसून पाहण्याचीही गरज उरत नाही. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत पाने कोरडी राहतात. कडक थंडीत रोप पाणी फार कमी ओढते, आणि घरगुती कुंडीत पॅन्सी दगावते ती तहानेपेक्षा साचलेल्या पाण्यानेच अधिक.

खताबाबत एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. माती गार असताना युरिया आणि अमोनियमयुक्त खतांतला नत्र मुळांना सहज वापरता येईल अशा नायट्रेट रूपात बदलणारे जिवाणू मंदावलेले असतात, आणि शेणखतासारखी सेंद्रिय खतेही त्याच कारणाने हळू लागू पडतात. परिणामी खत देऊनही रोप भुकेले दिसते आणि आपण आणखी खत टाकतो. हा घोटाळा टाळण्यासाठी थंडीत नायट्रेट रूपातला नत्र अधिक असलेले विद्राव्य खत निवडावे आणि वेष्टनावर दिलेल्या प्रमाणाच्या निम्म्या तीव्रतेने दर १० ते १४ दिवसांनी द्यावे. खत कोरड्या मातीत घालू नये. नत्र जास्त झाला तर पाने मऊ आणि मोठी होतात, फुले घटतात आणि माव्याला आमंत्रण मिळते.

रात्रीचे तापमान शून्याच्या खाली काही अंश गेले तरी हवेला सरावलेली पॅन्सी तगून राहते. पहाटे ती पाने टाकून मेल्यासारखी दिसते आणि ऊन चढल्यावर पुन्हा उभी राहते. अशा वेळी घाबरून तिच्यावर गरम पाणी ओतू नये. कुंडीतली मुळे मात्र जमिनीतल्या मुळांइतकी सुरक्षित नसतात, म्हणून हिमरात्रीच्या आधी कुंड्या भिंतीलगत एकत्र ठेवाव्यात आणि त्यांवर कोरडे कापड टाकावे.

वाळलेली फुले खुडणे

पॅन्सीचा बहर आठवड्यांचा राहणार की महिन्यांचा, हे सर्वाधिक याच कामावर ठरते. परागीभवन झाले की रोप बी भरण्याच्या मागे लागते आणि नव्या कळ्या धरणे कमी करते, त्यामुळे उतरलेले फूल आठवड्यातून किमान दोनदा खुडले पाहिजे. नुसत्या पाकळ्या ओढून काढण्याचा काहीही उपयोग होत नाही, कारण बोंड देठावरच राहते. फुलाचा देठ खाली बुंध्यापर्यंत चाचपत जावे आणि जिथे तो पानाच्या बगलेतून निघतो तिथे नखाने तोडावा.

नवख्याची इथे गफलत होते ती कळी आणि बोंड यांच्यात, कारण दोन्ही हिरवी आणि खाली मान घातलेली असतात. कळी टोकाला निमुळती असते आणि बाहेरच्या हिरव्या दलांच्या फटीतून पाकळीचा रंग डोकावत असतो. उतरलेल्या फुलाच्या पाकळ्या आत वळून चुरगळलेल्या, ओलसर असतात. त्या गळून पडल्या की मागे राहणारे बोंड गोलसर, गुळगुळीत आणि बोटांत दाबले असता टणक लागते. पुनर्लागणीनंतर आलेल्या पहिल्या दोन-तीन कळ्याही खुडाव्यात, म्हणजे रोप आधी पसरते. मनाला जड जाते खरे, पण पुढे दोन-तीन आठवड्यांत त्याची भरपाई होते.

रोग आणि किडी

मावा कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या मागे जमतो. सुरुवातीला पाण्याच्या धारेने धुऊन काढणे पुरते. न हटल्यास निंबोळी तेलाची फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने करावी. पाकळ्यांना रात्रीतून मोठी भोके पडली आणि जवळ चकाकणारा ओघळ दिसला तर गोगलगायी आहेत असे समजावे व त्या अंधार पडल्यावर विजेरी घेऊन वेचाव्यात. नारिंगी अंगाच्या, काटेरी अळ्या दिसल्या तर त्या बहुधा फ्रिटिलरी फुलपाखरांच्या असतात, कारण त्यांतल्या अनेक जातींच्या अळ्या व्हायोलाच्या पानांवरच वाढतात; एखादे रोप त्यांच्यासाठी सोडून द्यायला हरकत नाही.

पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी, आणि दमट हवेत पाकळ्यांवर व देठांवर करडी लव आली तर ती करडी बुरशी होय. दोन्हींत बाधित भाग काढून टाकावा, रोपांमधले अंतर वाढवावे आणि पाने भिजवणे थांबवावे. जांभळट काळ्या कडांचे ठिपके वाढत असतील तर रोगट पाने खुडून कुंडीबाहेर न्यावीत. माती ओली असूनही रोप कोमेजत असेल तर मुळे पाहावीत. ती तपकिरी आणि लिबलिबीत असतील तर ते रोप वाचत नाही, आणि त्या कुंडीतल्या मिश्रणात त्या हंगामात पुन्हा पॅन्सी लावू नये.

पॅन्सी आणि व्हायोलाची फुले खाद्य आहेत, पण ताटात वापरायची असतील तर ती स्वतः वाढवलेल्या, कोणतेही औषध न मारलेल्या रोपांचीच असावीत. बिया आणि मुळे खाऊ नयेत.

हवा तापू लागल्यावर

दिवसाचे तापमान २५ ते २७ अंशांच्या वर राहू लागले की फांद्या लांबतात, फुले लहान होतात आणि लाल कोळी ही बारीक कीड दिसू लागते. या टप्प्यावर रोप ८ ते १० सेंटीमीटर उंचीवर छाटून सावलीत हलवले आणि एकदा खत दिले तर बऱ्याचदा आणखी एक लहान बहर मिळतो. त्यापुढे ते जगवण्याचा आटापिटा करण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही.

बी धरायचे असल्यास शेवटची काही बोंडे ठेवावीत. कच्चे बोंड खाली झुकलेले असते. पिकताना ते मान वर करते आणि फिकट होते. त्यानंतर ते तीन भागांत उकलते आणि त्याच्या कडा आकसताना बिया लांबवर उडतात, म्हणून मान वर होताच त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधावी. संकरित वाणांच्या बियांपासून मूळ रोपासारखी फुले येत नाहीत, हे आधीच धरून चालावे.

सुगंधी व्हायोलेट

या रोपाची निगा बऱ्याच बाबतींत पॅन्सीच्या उलट आहे. त्याला पानगळीच्या झाडाखालची जागा मानवते, जिथे हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात सावली मिळते, आणि पालापाचोळ्याच्या खताने समृद्ध, ओल धरणारी माती लागते. हिवाळा खरोखर थंड असेल तरच ते चांगले फुलते. जिथे थंडी सौम्य असते तिथे पुष्कळदा पानेच वाढतात. फुले हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंताच्या सुरुवातीला येतात. त्यांचा वास एकदा जाणवून लगेच नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने परत येतो, कारण त्यातली आयोनोन ही द्रव्ये नाकातल्या गंधग्राहकांना क्षणभर बधिर करतात.

बी पेरण्यापेक्षा धावत्या, म्हणजे जमिनीवर पसरून मुळे धरणाऱ्या खोडांपासून नवी रोपे करणे सोपे पडते. बहर संपल्यावर मूळ धरलेली धावती खोडे तोडून २० ते २५ सेंटीमीटर अंतरावर लावावीत आणि ती रुजेपर्यंत माती कोरडी पडू देऊ नये. मूळ रोपाला अधिक फुले हवी असतील तर उन्हाळ्यात निघणारी बाकीची धावती खोडे छाटून टाकावीत. बियांपासूनच रोपे करायची असतील तर बियांना आधी थंडी मिळावी लागते; त्या हिवाळ्याच्या तोंडावर उघड्यावर पेराव्यात किंवा ओलसर वाळूत मिसळून चार ते सहा आठवडे शीतकपाटात ठेवाव्यात.

उन्हाळ्यात पानांखाली न उमलणाऱ्या, कळीसारख्याच राहणाऱ्या फुलांतून आपोआप बी धरलेले आढळले तर तो रोग समजू नये. या रोपाची ती नेहमीची रीत आहे. त्या बियांना तेलकट गाठ असते, तिच्यासाठी मुंग्या बिया ओढून नेतात आणि पुढच्या वर्षी रोप विटांच्या फटीत किंवा शेजारच्या कुंडीत उगवलेले दिसते. कुंडीतले रोप दर दोन-तीन वर्षांनी बहरानंतर उपटून, मधला जुना खोडका टाकून देऊन आणि कडेचे तरुण भाग नव्या मिश्रणात लावून ताजे करावे.